घडी म्हणजे रेषाच

नमस्कार श्रोतेहो. डिझाइन शिकणारी मुलं सुरुवातीला तारेची, दोऱ्यांची, कागदाची मॉडेल्स करतात. बघणारा हमखास विचारतो, हे कशाचं मॉडेल? कशाचंच नाही हो! सपाटीवरची रेषा उठून जागा कशी व्यापते, एवढंच त्यात पाहायचं.

यावरून एक किस्सा. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जर्मनीत 1919 साली बाऊहाउस ही कलाशाळा सुरू झाली. तिथे 1923 पासून योसेफ आल्बर्स नव्या विद्यार्थ्यांना शिकवत. एकदा ते वर्गात आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठाच घेऊन. म्हणाले, याचं काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून. कात्री-गोंदाशिवाय जमलं तर उत्तम. आणि गेले निघून! काही तासांनी येऊन बघतात, तर कुणी किल्ला केलाय, कुणी जहाज, कुणी विमान. आल्बर्स म्हणाले, हे दुसऱ्या कशातही याहून चांगलं झालं असतं. मग त्यांनी एका विद्यार्थ्याचं काम पुढे घेतलं. त्या पठ्ठ्याने काय केलं होतं? कागदाला उभी घडी घातली होती. बस्स, एवढंच! आणि कागद टेबलावर ताठ उभा. आडवा होता तेव्हा एकच बाजू दिसायची, आता दोन्ही दिसतात, हे आल्बर्सनी दाखवून दिलं. लुळा कागद चक्क आपल्या अरुंद कडेवर उभा राहिला होता.

घडी म्हणजे रेषाच. पुन्हा सांगतो, घडी म्हणजे रेषाच. पेन्सिलीची रेषा नुसती दिसते, घडीची रेषा भार पेलते. तीच घडी वक्र घाला, कागद दोन्हीकडे आपोआप वळतो. (गोंद फासून सगळं चिकटवणाऱ्यांना हे कधीच कळत नाही. गोंदावर बंदीच हवी, असं माझं जुनं मत आहे.)

दोऱ्याचंही तसंच. दोन कड्यांमध्ये उभे दोरे ताणा आणि वरचं कडं थोडं फिरवा. मध्ये कंबर तयार होते. दोरे सरळ, आकार मात्र वक्र! दोरे सरळच, बरं का.

आणि तार? स्प्रिंगसारखी वळवलेली तार टोकाकडून बघा, वर्तुळ दिसेल. बाजूने बघा, लाट. म्हणून मॉडेलभोवती फिरावं लागतं. संगणकाच्या पडद्यावर मॉडेल गरागरा फिरतं आणि बघणारा खुर्चीत बसून राहतो, ते मला पटत नाही. अर्जासोबत मॉडेलचा एकच फोटो मागणाऱ्या परीक्षकांनी निदान कोणत्या बाजूचा, ते तरी लिहावं!