सड्यावरचे प्रश्न: तत्त्वज्ञानाची तोंडओळख

(ड्रोन. काशेळीचा सडा, दिवाळीनंतरचं वाळलेलं गवत. कॅमेरा जमिनीलगत, मग सावकाश वर.)

उभं राहून पाहिलं तर इथे काही दिसत नाही. काळपट पडलेला जांभा, पिवळं गवत, मधेच पायाला लागणारी एखादी चर. कॅमेरा वर जातो तशा चरी एकमेकींना जोडल्या जातात. सोंड दिसते. पाठ दिसते. राजापूर तालुक्यातल्या काशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कोरलेला हा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात जमिनीवरचे नि पाण्यातले कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत.

कोणी कोरला हा? शेजारी लेख नाही, नाव नाही, साल नाही. गावात विचारलं तर कुणी पांडवांचं नाव घेतं. अभ्यासक काही हजार वर्षं मागे जातात, काहीजण दहा हजार वर्षांपर्यंत, आणि काळाबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत.

‘कोणी कोरला’ हा इतिहासाचा प्रश्न. त्याच्या मागेच दुसरा एक उभा आहे. हे आपल्याला कळणार कशाच्या आधारे? आणि ‘कळलं’ असं कधी म्हणायचं, ‘वाटतं’ असं कधी? हा दुसरा प्रश्न उत्खननाने सुटत नाही, कारण उत्खननातून जे निघेल त्याला पुरावा का मानायचं हेच तो विचारतो. तत्त्वज्ञानाचं काम इथून सुरू होतं.

(हर्णै बंदर, संध्याकाळचा मासळीचा लिलाव. आवाज चालू ठेवावा, मग हळूहळू कमी.)

तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याकडे एक तर प्रवचन आठवतं, नाहीतर सकाळी सकाळी मोबाईलवर येणारा सुविचार. दोन्हींत उत्तर आयतं असतं. अध्यात्माशी तत्त्वज्ञानाचं नातं जुनं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण श्रद्धेला जिथे थांबता येतं तिथे तत्त्वज्ञानाला थांबता येत नाही. त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण समोरच्याला तपासू द्यावं लागतं.

ग्रीकांकडची परंपरासुद्धा एका बंदरातच सुरू झाली असं मानतात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, एजियन समुद्राच्या काठावर, मिलेटस नावाच्या व्यापारी गावात थेलीस म्हणाला की सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे. उत्तर चुकलंच. पण त्याच गावचा अ‍ॅनॅक्सिमँडर त्याच्याशी सहमत झाला नाही. मूळ तत्त्व पाण्यासारखं ठरावीक गुणांचं असेल, तर त्याच्या उलट गुणाचा अग्नी शिल्लक कसा राहील, अशा धर्तीचं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने कोणताच ठरावीक गुण नसलेलं, अमर्याद असं काहीतरी मुळाशी धरलं. गुरूच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाने गुरूचं उत्तर नाकारायचं आणि का नाकारतो ते सांगायचं, हे त्या काठावर घडलं. आपल्याकडेही हेच घडलं, आणि फार नेमकेपणाने घडलं. त्यासाठी परत सड्यावर जाऊ.

(सड्यावर कोरलेला गेंडा. नंतर जवळून: शिंगाची रेघ, शेजारी हाताचा पंजा मापासाठी.)

कोकणातल्या काही सड्यांवर गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. मग कोरणाऱ्याने तो कुठेतरी पाहिलेला असणार. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आपण ते काढलं. भारतीय दर्शनांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांत, याला अनुमान म्हणतात. समोरची रेघ दिसते ते प्रत्यक्ष. आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी, की पांडव इथे एका रात्रीत कोरून गेले, तो झाला शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. ज्ञान मिळवण्याच्या या वाटांना प्रमाणं म्हणतात, आणि त्यातल्या किती खऱ्या धरायच्या यावरून दर्शनं वेगळी होतात. चार्वाक म्हणतो एकच, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक दोन मानतात, त्यात अनुमान आलं. सांख्यांनी शब्द धरला, तीन झाली. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, उपमान घेतलं, चार. गेंडा कधी न पाहिलेल्या मुलाला सांगायचं, म्हशीएवढा असतो, नाकावर शिंग असतं, आणि मग प्राणिसंग्रहालयात त्याला तो ओळखता येतो, ते उपमान. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत जातात.

चार्वाकाला आपण ‘ऋण काढून तूप पिणारा’ म्हणून हसण्यावारी नेतो. त्याचा आक्षेप मात्र हसण्यासारखा नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे सगळ्या ठिकाणांबद्दल आणि सगळ्या काळाबद्दल तुम्ही कसं म्हणता? सगळी ठिकाणं पाहिलीत का? याला समाधानकारक उत्तर देता देता पुढच्या नैयायिकांची अनेक शतकं गेली. युरोपात डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात याच जागी बोट ठेवलं.

(देवाचे गोठणे. कोरलेली मनुष्याकृती. तिच्यावर ठेवलेलं होकायंत्र, सुई सरकताना.)

आणि प्रत्यक्षावर तरी किती विसंबायचं? देवाचे गोठणे इथल्या या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर दिशा दाखवत नाही. इथल्या खडकातल्या चुंबकत्वामुळे ती भरकटते. पाहणाऱ्याचे डोळे ठीक आहेत, यंत्र बिघडलेलं नाही, तरी निष्कर्ष चुकतो. ज्ञान म्हणजे काय, ते कशाने सिद्ध होतं, कशाने बिघडतं, हे तपासणाऱ्या शाखेला ज्ञानमीमांसा म्हणतात. नवख्याने तत्त्वज्ञानात इथूनच शिरावं असं आमचं मत आहे. इथे काही मानून यावं लागत नाही.

(मार्चमधली भाजावळ. डोंगराच्या उतारावर धूर. पुढचं दृश्य: त्याच डोंगरावर पहाटेचं धुकं.)

भाताची रोपं जिथे वाढवायची त्या जमिनीवर राब, म्हणजे पालापाचोळा, भाजतायत. रस्त्यावरून ज्वाळा दिसत नाहीत, नुसता धूर. तर्कशास्त्राच्या पुस्तकात हेच दृश्य दोन हजार वर्षांपासून आहे. न्यायदर्शन ते पाच पायऱ्यांनी मांडतं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे आग आहे, हे निगमन. ॲरिस्टॉटलच्या मांडणीत तीन विधानं पुरतात, कारण तो विधानांचा आकार तपासत होता. नैयायिकाला समोर बसलेल्या माणसाला पटवायचं होतं, म्हणून त्याच्या ओळखीची चूल मधे आली.

आता हे दुसरं दृश्य पाहा. हे धुकं आहे. लांबून सारखंच दिसतं. धुक्याला धूर समजून आग सांगणारा माणूस तर्काच्या पाचही पायऱ्या बरोबर चढतो आणि तरी चुकतो, कारण त्याचा हेतूच खोटा आहे. असे दिसायला बरे पण आतून पोकळ हेतू नैयायिकांनी वेगळे काढले, त्यांना हेत्वाभास म्हटलं. आपल्याकडे अकरावीला कला शाखेत तर्कशास्त्र घेता येतं. घेणारे थोडे, शिकवणारे त्याहून थोडे.

(पन्हाळेकाजी. कोटजाई नदी, लेण्यांची रांग, आतला अंधार, मग कोरीव नाथसिद्ध.)

दापोली तालुक्यातली ही 29 लेणी. आधी बौद्धांची, त्यात पुढे वज्रयानी बौद्धांची, आणि त्यानंतर शैवांची नि नाथपंथीयांची. एकाच दगडात हजाराहून अधिक वर्षं माणसं बदलत गेली. याच काळात देशभर बौद्ध आणि नैयायिक एकमेकांचे ग्रंथ ओळीओळीने खोडून काढत होते. बौद्ध दिङ्नाग लिहितो, त्यावर नैयायिक उद्योतकर लिहितो, त्यावर बौद्ध धर्मकीर्ती, मग नैयायिक वाचस्पती, मग उदयन. पद्धत अशी की आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला मान्य होईल इतकं ताकदीने. तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन, मग सिद्धान्त. न्यायसूत्रांत बोलाचालीचे प्रकारच पाडले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची काही बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसणं ती वितंडा. टीव्हीवर रात्री नऊ वाजता कोणता प्रकार चालतो ते ज्याचं त्याने ठरवावं.

(पुळणीवर ओढून ठेवलेली लाकडी होडी. सुतार जुनी फळी काढतोय. सांध्यात कापूस ठोकण्याचा आवाज. इथे निवेदन थोडं थांबू द्यावं.)

बौद्ध आणि त्यांच्या विरोधकांच्या भांडणातला एक मुद्दा या पुळणीवर पडलेला आहे. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढतात आणि डागडुजी करतात. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, सांध्यात कापूस ठोकून भरायचा, वर तेल आणि राळ. नाखवा, म्हणजे होडीचा मालक, म्हणतो, ही आमच्या आजोबांची होडी. विचारलं, यातली आजोबांच्या वेळची फळी कोणती? तो वाकून नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, पाहत गेला आणि हसला. एकही नाही. इंजिन तर नंतर आलं.

मग होडी तीच आहे का? ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी थीसियस या दंतकथेतल्या वीराचं जहाज असंच एकेक फळी बदलत जपलं, आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभं केलं तर? आता थीसियसचं कोणतं? आमच्या नाखव्याच्या जुन्या फळ्यांचं परसात कोंबड्यांचं खुराडं झालंय, म्हणून हा पेच इथे उभा राहिला नाही.

बौद्ध म्हणतील, फळ्यांपलीकडे ‘होडी’ नावाची वस्तू कधी नव्हतीच, ते व्यवहारासाठी दिलेलं नाव. मिलिंद राजाला नागसेन या बौद्ध भिक्षूने रथाबद्दल हेच ऐकवलं: चाक रथ आहे का, आस रथ आहे का? वैशेषिक म्हणतील, होडी ही फळ्यांहून वेगळी, खरी वस्तू आहे. पण एक फळी काढलीत की जुनी होडी संपली आणि नवी उत्पन्न झाली. सरकारी नोंदवहीत मात्र नाळेवर रंगवलेला क्रमांक तोच, म्हणून होडी तीच. वस्तू म्हणजे काय, बदलूनही काही टिकतं का, काळ, कारण, आत्मा, ईश्वर या गोष्टी असतात तरी कशा अर्थाने, ही सगळी तत्त्वमीमांसेची पेठ. आणि होडीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. लहानपणीच्या फोटोतलं पोर तुम्हीच, असं कशाच्या जोरावर म्हणता?

(मुंबईतल्या संग्रहालयातला सोपाऱ्याचा शिलालेख. मग रत्नागिरी, टिळक जन्मस्थान.)

उत्तर कोकणातलं सोपारा हे जुनं बंदर. तिथे 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे त्याच परिसरात नवव्याचाही सापडला. नवव्यात अशोक म्हणतो, आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचं फळ थोडं. नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांच्या बाबतीत संयम, हे खरं मंगल. विधी महत्त्वाचा की वागणूक, हा नीतिशास्त्राचा प्रश्न एका राजाने बंदरातल्या दगडावर कोरून ठेवला.

रत्नागिरीच्या या घरात 1856 मध्ये टिळकांचा जन्म झाला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं त्यांचं ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये छापलं गेलं. आपण ते देवघरात ठेवतो. ते देवघरातून काढून टेबलावर ठेवायला हवं, कारण त्यातलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण सरळ नीतिशास्त्र आहे: सत्य, अहिंसा हे नियम मान्य, पण दोन नियम एकमेकांवर आदळले तर काय करायचं? तिथे महाभारतही येतं आणि पुढे मिल, कान्ट, ग्रीन हे युरोपातले तत्त्वज्ञही. टिळकांचं उत्तर पटलंच पाहिजे असं नाही. प्रश्न मांडण्याची रीत उचलावी.

(महाड, चवदार तळं. पाणी. निवेदन नाही, मग एक ओळ.)

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथलं पाणी प्याले; न्याय, समता, सत्ता कोणाची आणि कशाच्या आधारे, हे विचारणारी शाखा म्हणजे राजकीय तत्त्वज्ञान, आणि आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते.

(बारसूचा सडा. मधोमध मनुष्याकृती, दोन्ही बाजूंना वाघ. मग उक्षी.)

बारसूचं हे शिल्प. मधे माणूस, दोन्हीकडून झेपावणारे वाघ. याला सुंदर म्हणायचं का, आणि कोरणाऱ्याच्या मनात ‘कला’ अशी काही वेगळी गोष्ट असेल का, हे सौंदर्यशास्त्राचं खातं. वाघाच्या पाठीची रेघ एका दमात ओढल्यासारखी आहे, एवढंच सांगतो.

सातबाऱ्यावर असे सडे बहुतेक पोटखराब म्हणून लागलेले असतात, म्हणजे पीक न येणारी जमीन. जमीन खाजगी. मालकाला चिरेखाण काढायची असेल तर चिऱ्याला भाव आहे. जे कोणी कोरलं त्यांचा हक्क उरला नाही, जे पुढे जन्मतील त्यांचा अजून लागला नाही. मालकी म्हणजे वस्तू नष्ट करण्याचाही अधिकार का, हे कायद्याच्या आधी तत्त्वज्ञानाने विचारायचं असतं. उक्षीत गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती जांभ्याचा कठडा बांधला. बारसू परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला, एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर आंदोलन झालं. 2022 पासून कोकणातली निवडक कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. यादीबाहेरच्या सड्यांवर चिरेखाणी चालू आहेत.