सांधा बसवला, पुढे काय झालं?

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेत अस्थिरोग शल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय 'कृत्रिम सांधा किती वर्षं टिकतो?' असा छापलाय. त्याचं उत्तर मी देणार आहे, आकड्यांसकट देणार आहे. पण ते आकडे कुणी मोजले, कसे मोजले आणि त्यांत तुमच्या-माझ्या गुडघ्यांची नोंद का नाही, हे बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आधी एक करा. ज्यांचा गुडघा किंवा खुबा बदललेला आहे, त्यांनी हात वर करा. वा, बरेच आहात. आता त्यातला सांधा कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच हात वर ठेवा. पाहिलंत? फ्रिजची कंपनी सगळ्यांना माहीत असते, वॉरंटी कार्ड कुठल्या कप्प्यात आहे तेही माहीत असतं. मागे त्या काकू पर्स उघडताहेत. कार्ड आहे? शाब्बास! त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊ द्या.

आता तुम्हाला इंग्लंडला नेतो. लँकेशायरमध्ये विगन गावाजवळ राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. मुळात ते क्षयरोग्यांचं. तिथे जॉन चार्न्ली नावाचा सर्जन खुब्याच्या मागे लागला होता. त्या काळी पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी काढलेला ॲक्रिलिकचा गोळा खुब्यात बसवत. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्न्लीकडे आला. त्याचा खुबा करकरायचा. जेवायला बसून तो जरा पुढे वाकला की आवाज यायचा, आणि त्याची बायको उठून खोलीबाहेर जायची. (हसा, हसा. चार्न्ली स्वतःही हा किस्सा सांगायचा.) दुसऱ्या कुणी तेल लावायला सांगितलं असतं. चार्न्लीनं विचार केला, की आवाज येतो म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणजे एक दिवस हा गोळा हाडातून सैल होणार. घर्षण कमी करायचं, हा ध्यास त्याला तिथून लागला.

त्यानं धातूचा लहान गोळा घेतला, २२ मिलिमीटरच्या आसपासचा, आणि वाटी केली टेफ्लॉनची. तोच टेफ्लॉन, तुमच्या नॉनस्टिक तव्यावरचा. दातांच्या कामात वापरतात ते ॲक्रिलिकचं सिमेंट घेतलं आणि त्यानं दोन्ही भाग हाडात पक्के केले. रुग्ण बिनदुखीचे चालू लागले. सुमारे तीनशे लोकांना त्यानं टेफ्लॉनची वाटी बसवली. इथे थांबला असता तर त्याचं नाव झालं असतं, आणि वाताहत दुसऱ्या कुणाच्या पदरी गेली असती. पण तो रुग्णांना पुन्हापुन्हा बोलावत राहिला, एक्स-रे काढत राहिला. तीन-चार वर्षांत दिसायला लागलं की टेफ्लॉन झिजतोय. गोळा वाटीत खोल रुततोय, झिजलेल्या कणांभोवती पनीरसारखा लगदा साठतोय आणि हाड खाल्लं जातंय. हे सांधे त्यानं स्वतःच्या हातांनी उघडले आणि काढले. त्याहून पुढे जाऊन टेफ्लॉनची भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी तिथे गाठी लागल्या, आणि ते त्यानं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून कळवलं.

आता यातला माझा आवडता माणूस येतो. हॅरी क्रेव्हन. डॉक्टर नव्हे, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. १९६२ मध्ये त्याच्याकडे एक विक्रेता आला, कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाकं विकणारा. लँकेशायर म्हणजे गिरण्यांचा मुलूख. आपल्यापैकी कुणाचे वडील-आजोबा गिरणगावात असतील तर त्यांना माग म्हणजे काय हे सांगायला नको. ते प्लॅस्टिक होतं पॉलिएथिलीन, फार मोठ्या रेणूंचं, चिवट. चार्न्लीनं त्यात नख रुतवून पाहिलं, म्हणाला वेळ घालवू नकोस, आणि निघून गेला. क्रेव्हननं ऐकलं नाही. झीज मोजणारं यंत्र त्यानंच जोडलेलं होतं. चार्न्ली कोपनहेगनला परिषदेला गेला, तेवढ्यात यानं तो तुकडा यंत्रावर चढवून ठेवला. तीन आठवडे यंत्र चाललं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढा झिजायचा, तेवढाही हा तीन आठवड्यांत झिजला नव्हता. परत आल्यावर चार्न्लीनं ते पाहिलं आणि आपला शब्द मागे घेतला. साहेबांनी नको म्हटलेला प्रयोग तंत्रज्ञानं केला आणि साहेबांनी तो मान्य केला, ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. नोव्हेंबर १९६२ पासून त्या वाट्या बसू लागल्या. आज जगभर जे खुबे आणि गुडघे बसतात, त्यांतल्या बहुतेकांत त्याच पॉलिएथिलीनची सुधारलेली नातवंडं आहेत.

हात पोळल्यामुळे चार्न्लीनं दोन गोष्टी केल्या. एक, राइटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय कुठल्याही सर्जनला हा सांधा मिळणार नाही, असं कित्येक वर्षं धरून ठेवलं. दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यानं रुग्णांना विनंती केली, की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला काढून तपासू द्या. आणि लोकांनी होकार दिला! ज्यांना त्यानं चालतं केलं होतं, त्यांनी जाताना आपला खुबा परत दिला. सिमेंट हाडाला वर्षानुवर्षं कसं धरून राहतं, हे जगाला त्या सांध्यांवरून कळलं. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रोबोट येतो. मला मात्र संशोधन म्हणजे बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला दहा वर्षांनी विचारणं, की कसं आहे?

हे एकट्यादुकट्याला जमत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्याचा सांधा बिघडतो तो बहुधा त्याच डॉक्टरकडे परत जात नाही, दुसऱ्याकडे जातो. पहिल्या डॉक्टरला वाटतं, आपले सगळे रुग्ण ठणठणीत आहेत. शिवाय समजा, एका सांध्यात दहा वर्षांत शंभरातले तीन पुन्हा ऑपरेशनला येतात आणि दुसऱ्यात सहा. एकाच डॉक्टरच्या रुग्णांमध्ये हा फरक नशिबाचा खेळ वाटेल. हजारो रुग्ण एका वहीत आले की तो लख्ख दिसतो. म्हणून स्वीडननं १९७५ मध्ये गुडघ्यांची देशव्यापी नोंदवही उघडली, १९७९ मध्ये खुब्यांची. नॉर्वेनं १९८७ मध्ये, ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये. इंग्लंडला, म्हणजे चार्न्लीच्याच देशाला, २००३ उजाडलं, आणि तेही एक सदोष खुबा हजारो लोकांना बसवून झाल्यावर.

वहीचा उपयोग काय, ते एएसआर नावाच्या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात दिसलं. धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा, तरुण रुग्णांसाठी टिकाऊ म्हणून आणलेला खुबा. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटत होते आणि भोवतालचे स्नायू खराब होत होते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ पासूनच दिसत होतं, की हे रुग्ण फार लवकर परत येताहेत. २००९ च्या अखेरीला कंपनीनं तो तिथल्या बाजारातून काढला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. तोवर जगात सुमारे ९३ हजार बसले होते. आपल्या देशात सुमारे ४,७००. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं मुंबईत गुन्हा नोंदवला, पुढे केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली, आणि २०१८ मध्ये ३० लाखांपासून सुमारे सव्वा कोटीपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण त्या ४,७०० पैकी बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. ती माणसं कुठेतरी आहेत. कुणी दुखण्याला वय म्हणत असेल, कुणी तेल चोळून घेत असेल. खुब्यात काय आहे हे त्यांना कुणी लिहून दिलं नाही, आणि त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. याचा मला संताप येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. माझ्याकडे सोलापूरकडच्या एक आजी आल्या. गुडघा बदलून बरीच वर्षं झालेली, आता सांधा सैल झालेला. बरोबर नातू, हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे. कार्डावर एवढंच लिहिलेलं, 'उजवा गुडघा, टीकेआर.' म्हणजे पूर्ण गुडघा बदलला. कंपनी नाही, माप नाही. आता सैल सांधा काढायचा तर त्याची हत्यारं लागतात, आणि सगळा न काढता नुसतं प्लॅस्टिक बदलायचं तर त्याच कंपनीचं, त्याच मापाचं लागतं. जिथे ऑपरेशन झालं तिथे नातू जाऊन आला. जुने कागद नष्ट केले, असं उत्तर मिळालं. आणि ऐका, ते नियमाला धरूनच होतं! वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायला सांगितलंय. सांधा वीस-वीस वर्षं चालतो आणि त्याचा कागद तीन वर्षांत रद्दीत जातो. आम्ही एक्स-रेवरच्या आकारावरून अंदाज बांधला, दोन कंपन्यांचे संच मागवून ठेवले. आजींचं ऑपरेशन लांबलं आणि खर्च वाढला. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्या डब्यातून सांधा निघतो, त्या डब्यातच तीन-चार चिकटपट्ट्या असतात. त्यातली एक आजींच्या कार्डावर लागली असती तर हे काहीच घडलं नसतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मग आता भराभर, जे पत्रिकेत छापलंय ते.

किती वर्षं टिकतो? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्या एकत्र करून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उत्तर आलं. पंचवीस वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८२ गुडघे आणि ५८ खुबे शाबूत होते. हे जुन्या घडणीचे सांधे, आजचे याहून बरे ठरावेत. वयाचा फरक मोठा. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं, की सत्तरीनंतर सांधा बदलणाऱ्यांपैकी शंभरात पाचेक जणांनाच आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागतं. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ते प्रमाण पस्तीसपर्यंत जातं. म्हणून पन्नाशीतल्या माणसाला मी थांबा म्हणतो, आणि पंच्याहत्तरीच्या, रात्र-रात्र दुखण्यानं जागणाऱ्या माणसाला उगाच थांबू नका म्हणतो.

पण हे गुडघे तिकडचे. मांडी घालून पंगतीला बसणारे, उकिडवे बसून भांडी घासणारे, नमाजाला वाकणारे, शेतात बैठक मारून निंदणी करणारे गुडघे त्या वह्यांत नाहीत. आपले आकडे आपणच गोळा करायला हवेत. सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आपल्याकडे आहे, पण ती स्वेच्छेची. शिवाय आपल्याकडे नुसतं 'पुन्हा ऑपरेशन झालं का' एवढं मोजून भागणार नाही. पैशाअभावी दुसरं ऑपरेशन न करता लंगडत राहिलेला माणूस अशा वहीत 'सांधा शाबूत' म्हणून लागेल. त्याला दुखतं का, जिना चढता येतो का, हेही विचारलं पाहिजे. सक्ती कशी करायची? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर सोडून तेव्हा ५४,७२० रुपये. बिलावर ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा लिहा, असंही त्यात आहे. म्हणजे माहिती कागदावर येतेच, ती फक्त एका वहीत जायची राहिलीय. आयुष्मान भारतमधून गुडघ्याचे पैसे देताना नोंद भरल्याशिवाय पैसे नाहीत, एवढी एक अट पुरे.

हे चालतं, याचा पुरावा फ्रॅक्चरमध्ये आहे. अमेरिकेतल्या रिचलंडचे डॉ. लुइस झर्कल यांनी काढलेली 'साइन' ही संस्था १९९९ पासून गरीब देशांतल्या रुग्णालयांना मांडीच्या आणि नडगीच्या हाडातले रॉड मोफत देते. अट एकच, प्रत्येक ऑपरेशनचे एक्स-रे आणि माहिती ऑनलाइन भरा, म्हणजे वापरलेल्या रॉडच्या जागी नवा येईल. त्यातून जगभरच्या फ्रॅक्चरची केवढी मोठी नोंद झाली!

खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरबद्दल एवढंच, की म्हातारं माणूस पडलं आणि पाय टेकवता येईना, तर घरी शेकत बसू नका. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. काही तासांत ऑपरेशन केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत, पण बरळणं कमी झालं आणि माणसं लवकर उभी राहिली. आपल्याकडे पेशंट दोन-दोन दिवस घरातच असतो, तिथे तर फार काही वाचवता येईल.

शेवटची चिठ्ठी. आता लिहून घ्या. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर सांध्याच्या डब्यातली चिकटपट्टी लावून मागा. तिचा फोटो काढा, मुलाच्या आणि मुलीच्या फोनवर पाठवा. पुणे, पुसद, न्यू जर्सी, मुलं जिथे असतील तिथे. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांनी रुग्णालयाला लेखी अर्ज द्यावा. मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणं त्याच २००२ च्या नियमावलीनं बंधनकारक आहे. पण तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. ज्यांना ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झालीत, त्यांनी उद्याच जा.