सर, बाण कुठं ठेवलाय?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं रेडिओ लावून बसलाय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय ते लॅपटॉपला प्रोजेक्टर नाहीतर टीव्ही जोडला की माऊसचा बाण जातो कुठं, यावर. विषय बारका वाटेल, पण आता शाळेत, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या हॉलात, सगळीकडं पडदा आलाय आणि पडदा आला की बाण हरवलाच म्हणून समजा. वायर कशी जोडायची ते तुम्हाला येतंय, त्यात वेळ घालवत नाही.

तर मूळ गोष्ट एवढीच. पडदा जोडला की विंडोज त्याला मुख्य दोन तऱ्हेनं वापरतं, डुप्लिकेट आणि एक्स्टेंड. डुप्लिकेट म्हणजे लॅपटॉपवर जे दिसतंय तेच पडद्यावर. एक्स्टेंड म्हणजे दोन रानांच्या मधला बांध काढून टाकल्यासारखं, बाण इकडनं चरत चरत पलीकडं जातो आणि तुम्ही आपले अलीकडच्या रानात हुडकत बसता. कुठलं चालू आहे ते बघायला आणि बदलायला विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि पी दाबायचं. परत सांगतो, विंडोज आणि पी. हे लक्षात राहिलं तरी आजचं काम झालं.

आता एक किस्सा सांगतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. निपाणीच्या बाजूला वेदगंगेच्या काठाला एक गाव, तिथं देवळाच्या सभामंडपात ऊसवाल्यांचा मेळावा होता. बोलायला एक रिटायर झालेले सर, माणूस एकदम जाणकार, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलून दोन्हीकडच्या लोकांना हसवणारा. आधी हारतुरे, शाल, नारळ, स्टेजवरच्या प्रत्येकाचं नाव दोनदा, यातच तास गेला. (आमच्या भागात सत्काराला एक दिवस आणि कार्यक्रमाला दुसरा दिवस ठेवावा असं माझं कधीपासूनचं म्हणणं आहे, ऐकतो कोण.) मग सरांनी लॅपटॉप उघडला. स्लाईड वगैरे काही नाही, उसाच्या जातींच्या तक्त्याचा मोबाईलवर आलेला एक फोटो होता, तो उघडला आणि माऊसनं ओढून पडद्यावर नेऊन सोडला. फोटो गेला, त्याच्याबरोबर बाणबी गेला, आणि सोडला तिथंच थांबला. आता तो नेमका थांबला कुठं, तर तक्त्यातल्या ९२००५ नंबरच्या जातीच्या ओळीवर.

सर माईक घेऊन पुढं आले, पडद्याकडं पाठ. ८६०३२ वर बोलले, साखर उतारा, खोडवा कसा येतो. चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेल्या, जमिनीला २६५ बरा म्हणाले. ९२००५ गुळाला चांगला, गुऱ्हाळवाल्यांनी बघावा, एवढं एकच वाक्य बोलले आणि पुढं गेले. पण लोकांचे डोळे कुठं, तर पडद्यावर, आणि पडद्यावर तो पांढरा बाण ९२००५ वर बोट ठेवून उभा, हलायलाच तयार नाही. माझ्या शेजारी एक आण्णा बसलेले, त्यांनी डायरीत नंबर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मी म्हटलं आण्णा, तुमची जमीन तर नदीकडंची, चोपण ना? तर म्हणतात, "व्हय की, पर सरांनी मघापासनं बोट काढलं न्हाई त्येच्यावरनं, आत काय तरी असणारच की."

चहाच्या वेळी सरांना घेराव. ब्याण्णव झिरो झिरो पाचचं बेणं कुठं मिळतंय, काय दर, लावण कधी. सर म्हणालेत अहो मी कधी म्हणालो ते लावा? तेवढ्यात कुणीतरी पडद्याकडं हात केला. सरांनी वळून बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग गेले लॅपटॉपकडं, बाण हुडकायला लागले, लॅपटॉपवर तर तो नाहीच, सर पॅडवर बोट घासतायत आणि इकडं पडद्यावर बाण सैरावैरा, ९२००५ वरनं ८६०३२ वर, तिथनं खाली २६५ वर. मागनं एकजण मोठ्यानं ओरडला, "सर, आता दोनशे पासष्ट म्हणताय काय?" सगळा सभामंडप हसला, सरही हसले. शेवटी कॉलेजच्या एका पोरीनं पुढं येऊन विंडोज आणि पी दाबलं, डुप्लिकेट केलं, आणि बाण दोन्हीकडं दिसायला लागला. आण्णांनी मात्र डायरीतला नंबर खोडला नाही, कडेला २६५ लिहून ठेवला.

गंमत बघा, माऊस लोकांसमोर पहिल्यांदा आला तोच मोठ्या पडद्यावर. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को, डग्लस एंगलबार्ट नावाच्या माणसानं भरलेल्या हॉलात करून दाखवलं. म्हणजे बाण आणि प्रेक्षक यांचं नातं पहिल्या दिवसापासनंच आहे.

वेळ कमी राहिलाय, भरभर सांगतो. एक्स्टेंडच ठेवायचं असेल, म्हणजे तुमच्या नोट्स लोकांना दिसू नयेत असं असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जावा. तिथं १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. खरा पडदा तुमच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला तो दोन नंबरचा चौकोन ओढून ठेवा, नाहीतर पडदा उजवीकडं आणि बाण डावीकडनं पळतोय असं होतं. बाण पलीकडं जायलाच नको असेल तर चौकोन असा तिरका ठेवा की दोघांचे फक्त कोपरे टेकतील. मग बाण सहजासहजी निसटत नाही.

पॉवरपॉईंटच्या स्लाईड शोमध्ये बाण जरा वेळ हलवला नाही की आपोआप लपतो, म्हणून सरांनी तो फोटो स्लाईडमध्ये टाकला असता तर आण्णांची डायरी वाचली असती. लगेच लपवायचा तर कंट्रोल आणि एच. परत सांगतो, कंट्रोल आणि एच, एच हरभऱ्यातला. बोट दाखवायचंच असेल तर कंट्रोल धरून माऊसचं डावं बटण दाबा, लाल ठिपका येतो. तो बाणापेक्षा बरा, सोडला की जातो, कुणाच्या उसावर मुक्काम करत नाही. आणि ते बाजारात मिळणारे किल्लीला लावायचे लेसर, ते पोरांच्या हातात देऊ नका बाबा, डोळ्यावर मारतात, लग्नात नवरदेवाच्या तोंडावर मारलेला मी बघितलाय.

बाण हरवलाच तर माऊसच्या सेटिंगमध्ये, पॉईंटर ऑप्शन्समध्ये, कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवायची एक टिकमार्क आहे, ती घरीच करून ठेवा. कंट्रोल दाबला की बाणाभोवती गोल कडी उमटते. अ‍ॅपलवाल्यांनी माऊस जोरात हलवायचा, बाण मोठा होऊन दिसतो.

प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे नोट्स फक्त बोलणाऱ्यालाच दिसायची पॉवरपॉईंटमधली सोय, ती राहिली, पुढच्या खेपेला. आता बाजारभाव ऐका.