डग्गा घुमतोय की खोली घुमतेय?

आत येताना भिंतीला टेकवलेल्या त्या 3 गाद्या तुम्ही बघितल्यात. त्या आजच्या विषयाचाच, म्हणजे गाणं ऐकायच्या खोलीच्या आवाजाचा, भाग आहेत, शेवटी त्यांचं काम आहे, तोपर्यंत त्यांना हात लावू नका, जागेवरून हलल्या तर आवाज बदलेल.

माझी गाणं ऐकायची खोली 12 बाय 10, उंची साडेनऊ फूट. फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम असते तशी. आरसीसीचा स्लॅब, प्लास्टर केलेल्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल. तिथे मी जवळजवळ 8 वर्षं एकाच गोष्टीशी झगडत होतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या कुठल्याही गायकाची रेकॉर्ड लावली की सा फुगायचा. रिषभावर गेले की ठीक, गंधार ठीक, आणि परत सा वर आले की छातीवर कोणीतरी उशी दाबल्यासारखं वाटायचं. मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. मग स्पीकर बदलले, मग वायरी, मग परत स्पीकर. दर वेळी दोन आठवडे वाटायचं की आता जमलं, आणि मग तोच सा. खूप पैसे गेले, आणि खोलीकडे नीट बघायचं मला फार उशिरा सुचलं याचं आजही वाईट वाटतं, कारण दोष पहिल्यापासून खोलीतच होता.

आता गंमत अशी की साताऱ्याला आमच्या जुन्या वाड्यात आजोबा ग्रामोफोन लावायचे, तिथे असलं काही कधी जाणवलं नाही. माडीवर लाकडी तक्तपोशी, वर कडीपाट, भिंती पांढऱ्या मातीच्या, खाली जाजम, बाजूला लोड-तक्के. खालच्या सुरांना ती तक्तपोशी किंचित हलायची आणि त्या हलण्यात त्यांचा जोर जिरायचा. काँक्रीटचा स्लॅब हलत नाही, म्हणून जोर खोलीतच राहतो. दुसरं कारण रेकॉर्डमधलंच आहे. 1925 साली विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं, त्याआधीच्या रेकॉर्ड भोंग्यात गाऊन केलेल्या, त्यांच्यात अडीचशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला अडीचशे कंपनांच्या, खालचं फारसं काही नसायचंच, तर मग खोली घुमणार कशाने? म्हणून माझं सांगणं आहे की खोली तपासायला जुन्या रेकॉर्ड वापरू नका, त्यांवर कुठलीही खोली पास होते. तपासायचीच तर चांगल्या रेकॉर्डिंगमधला डग्गा लावा, तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा. तबलजी मनगट घासून आवाज वर चढवतो ना, तो घिस्सा ऐका. तो सरळ एका रेषेत वर जायला पाहिजे. मध्येच एखाद्या जागी मोठा झाला आणि पुढच्या जागी गायब झाला, तर ती तबलजीची करामत नाही, तुमची खोली मध्ये बोलतेय.

खोलीचं हे बोलणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची गल्लत होते म्हणून आधी वेगळं करून सांगतो.

पहिलं म्हणजे रेंगाळणं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, मागे लांबणारा आवाज येतो, समोरासमोर उघड्या भिंती असतील तर चक्क टर्रर्र असं ऐकू येतं. हे मोजायचं शास्त्र सुरू झालं ते 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात. फॉग म्युझियमचं एक लेक्चर हॉल होतं, नवंकोरं, आणि त्यात बोललेलं काही कळायचंच नाही, एक शब्द साधारण साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तेवढ्यात माणूस पुढचे 10-12 शब्द बोलून मोकळा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं की बघ काय करता येतं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत गेला, ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विझेपर्यंत स्टॉपवॉचने वेळ मोजायचा. रात्रीच का, तर दिवसा रस्त्यावरचा आवाज. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. अशा कित्येक रात्री. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण हे सगळं शास्त्र गादीपासून सुरू झालंय आणि गादी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. त्यातून जे सूत्र निघालं ते वापरून बांधलेला पहिला हॉल म्हणजे 1900 सालचा बॉस्टनचा सिम्फनी हॉल, तो आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये धरतात.

सूत्र सोपं आहे, वहीत करता येतं. खोलीचं घनफळ घनफुटात घ्या, 0.049 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, सेकंद मिळतात. माझी खोली 1140 घनफूट, गुणाकार आला 56 च्या आसपास. भिंती, छत, फरशी मिळून साधारण 660 चौरस फूट, पण टाइल आणि प्लास्टर आवाज पितच नाहीत म्हटलं तरी चालेल, फार तर 2-3 टक्के. म्हणजे शोषण, 660 चे 3 टक्के, 20. छप्पन भागिले वीस, पावणेतीन सेकंद. खयाल ऐकायला मला अर्ध्या सेकंदाच्या किंचित खाली हवंय, म्हणजे शोषण 120 च्या आसपास पाहिजे. पलंग, जाड पडदा, ऐकणारी दोन माणसं हे धरून साठेक होतात. उरले साठ. 6 बाय 4 ची कापसाची 4 इंची गादी भिंतीपाशी उभी केली तर ती एकटी विसाच्या वर देते. तीन गाद्या. हिशोब संपला. पिंजाऱ्याकडून करून घेतलेली साधी गादी चालते, वर रेक्झिनचं कव्हर मात्र नको, कापड असं हवं की तोंड लावून फुंकर मारली तर पलीकडे गेली पाहिजे. मांजरपाट त्याला सगळ्यात छान, आणि स्वस्त.

पण सॅबिनचं सूत्र मोठ्या हॉलसाठी आहे. छोट्या खोलीत खालच्या सुरांना ते लागू पडत नाही, आणि माझा सा तर तिथेच अडकला होता.

खोलीचं दुसरं बोलणं हे. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. 12 फुटांवर समोरासमोर दोन भिंती असल्या की त्यांच्यामध्ये काही ठरावीक सूर अडकून पडतात, अकराशे तीसला लांबीच्या दुपटीने भागा, 24 ने, 47 हर्ट्झ. मग त्याची दुप्पट 94, तिप्पट 141. आणि काळी एकचा सा किती, तर पुरुष गायकाचा 139 च्या आसपास! हे मी एका रात्री वहीत मांडलं आणि कितीतरी वेळ नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो. 8 वर्षं ज्याच्यासाठी मी सामान बदलत होतो तो माझ्या भिंतींमधल्या अंतराचा आकडा होता.

आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. असा अडकलेला सूर खोलीभर सारखा नसतो, भिंतीपाशी तो सगळ्यात जोरात असतो आणि मधल्या काही जागांवर जवळजवळ शून्य. 141 चा पहिला शून्य भिंतीपासून बरोबर 2 फुटांवर येतो. माझी आरामखुर्ची कुठे होती, तर मागच्या भिंतीला चिकटून, कारण खोली लहान आणि पुढे जागा दिसावी म्हणून. मी खुर्ची 2 फूट पुढे ओढली. सा खाली बसला. एक रुपया खर्च नाही, फक्त जाता-येता खुर्चीला वळसा घालावा लागतो. त्या रात्री मी दीडपर्यंत एकामागून एक रेकॉर्ड काढत होतो, ज्या मी खराब रेकॉर्डिंग म्हणून बाजूला ठेवल्या होत्या त्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी उत्तम निघाल्या.

तर पहिलं काम खुर्ची. भिंतीला पाठ लावून ऐकू नका, आणि खोलीच्या अगदी मध्यावरही बसू नका, तिथे 47 वाला सूर पूर्ण नाहीसा होतो. स्पीकरचंही तसंच, तो मागच्या भिंतीपासून जितका लांब तसा एक सूर कापला जातो, अडीच फुटांवर असेल तर साधारण 113 हर्ट्झ. थोडंथोडं हलवून ऐकत जायचं. तुमची खोली 10 बाय 10 आणि उंचीही तेवढीच असेल तर तिन्ही बाजूंचे अडकलेले सूर एकावर एक बसतात, ती सगळ्यात अवघड खोली, शक्य असेल तर घरातली दुसरी निवडा. हॉल आणि स्वयंपाकघर मिळून मोकळी जागा असेल तर ती कित्येकदा बंद बेडरूमपेक्षा बरी.

आता मी केलेली एक चूक सांगतो, कारण ती मी आजही घराघरात बघतो. खुर्चीचं कळायच्या आधी मी चारही भिंतींना 1 इंची फोम चिकटवला होता, तो टोकाटोकांचा मिळतो ना काळा. त्याने झालं काय, तंबोऱ्याची जवारी गेली. तंबोऱ्यात जे बारीक चमकतं, तारेखालच्या दोऱ्याने जे उमलतं, ते सगळं वरच्या सुरांत असतं आणि पातळ फोम नेमकं तेच खातो, हजार हर्ट्झच्या वरचं. खालचा घुमारा तसाच्या तसा. म्हणजे आधी निदान दोन्ही जास्त होतं, आता नुसतं घुमणं उरलं. अंड्यांचे ट्रे लावतात ते त्याहून वाईट, त्यांनी जवळपास काहीच होत नाही, आणि साधा फोम काय किंवा पुठ्ठा काय, भराभर पेटतो, फोमचा धूर विषारी असतो, झोपायच्या खोलीत असलं लावू नका हो.

कारण साधं आहे. कापूस असो की रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, हवा त्यातून हलते तेव्हा घर्षणाने जोर जिरतो. भिंतीला लागून हवा हलतच नाही, ती हलते भिंतीपासून लांब, आणि सूर जितका खालचा तितकं लांब. म्हणून जाडी लागते. 4 इंची गादी भिंतीपासून 4 इंच सोडून उभी केली तर ती 8 इंचांसारखं काम करायला लागते, फुकटात. मी खालच्या सुरांसाठी रॉकवूल वापरलं, घनमीटरला 48 किलो घनतेचं, इन्सुलेशनवाल्यांकडे मिळतं, त्याचे तुकडे पुढच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून सहा फुटांपर्यंत रचले आणि बाहेरून लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणला. कोपरा का, तर सगळे अडकलेले सूर कोपऱ्यात जोरात असतात. हातमोजे आणि मास्क घाला, खाज सुटते. कोकणातल्या, मुंबईतल्या लोकांनी कापूस वापरला तर पावसाळ्यानंतर गाद्यांना ऊन दाखवायचं विसरू नका, बुरशी धरते.

बाजूच्या भिंतींचं पटकन सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे गादी. तिथून परतणारा आवाज मूळ आवाजाच्या दोन-तीन मिलिसेकंद मागून येतो. 1949 साली हेल्मुट हासने दाखवलं की इतक्या लवकर आलेला आवाज कान वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो, म्हणून प्रतिध्वनी असा ऐकू येत नाही, पण गायक कुठे बसलाय, सारंगी कुठल्या बाजूला आहे ते पुसट होतं. मागच्या भिंतीला गादी नको, तिथे पुस्तकं ठेवा, दिवाळी अंकांचे गठ्ठे, उंच-सखल, पुढे-मागे. सगळीकडेच गाद्या लावल्या तर खोली मरते, आणि मेलेल्या खोलीत गाणं ऐकवत नाही.

वरचे-खालचे सूर कमीजास्त करणाऱ्या ईक्वलायझरने होईल का असं मघाशी कोणीतरी विचारलं. फुगलेला सूर खाली आणायला होतं, थोडंफार. जिथे सूर नाहीसा झालाय तिथे नाही होत, कितीही पॉवर दिलीत तरी, कारण तिथे आवाजच आवाजाला खोडतोय, तुम्ही वाढवलात की खोडणाराही वाढतो. आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून गाद्या लावणार असाल तर त्याचा उपयोग नाही, आवाज बाहेर जायचा थांबवायला वजन लागतं, वीट लागते, घट्ट बसणारं दार लागतं, तो वेगळा विषय.

मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड म्हणून सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला एक मोजणीचा माइक लागतो. नसेल तर मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, स्पीकरला जोडा, 30 पासून 200 पर्यंत सावकाश चढत जा आणि कुठे फुगतं, कुठे हरवतं ते वहीत लिहा. माझी पहिली वही अशीच भरली.

बरं, आता प्रात्यक्षिक. डग्ग्याचा तो तुकडा गाद्या असताना तुम्ही सुरुवातीला ऐकलात. आता उजवीकडच्या दोघांनी उठून तिन्ही गाद्या बाहेर न्या, दार ओढून घ्या. शेवटच्या रांगेतले, तुम्ही खुर्च्या मागे सरकवून भिंतीला पाठ टेका, पुढचे आहेत तिथेच राहा. तोच तुकडा, आवाज तेवढाच ठेवतोय. मग मागच्या रांगेने 2 फूट पुढे यायचं आणि आपण तो तिसऱ्यांदा लावू. घिश्श्याकडे लक्ष द्या, शक्यतो डोळे मिटून.