हिरव्या शर्टावरचा शब्द

(दृश्य : पार्किंगची जागा, दुपार)

मंगळवार, १३ जून २०२३. ओकलंड कोलिसियम. सामना संध्याकाळचा, पण पार्किंगमध्ये दुपारीच शेगड्या पेटल्यात. बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनवरून मैदानाकडे येणारा हा पूल पाहा. फ्रीमाँटहून आम्ही कितीदा इथे उतरलो, पण पुलावर असं खांद्याला खांदा घासत चालावं लागलं नव्हतं. आणि ज्या संघासाठी ही माणसं आली आहेत, तो ओकलंड अॅथलेटिक्स हा बेसबॉल संघ, म्हणजे सगळ्यांचा 'एज', ६८ पैकी ५० सामने हरला आहे.

हे हिरवे शर्ट फुकट वाटले जातायत. चाहत्यांनीच पैसे जमवून छापून घेतलेत. छातीवर एकच शब्द, 'सेल'. विका. मालक जॉन फिशर यांनी संघ विकावा, एवढंच मागणं.

(दृश्य : रिकाम्या खुर्च्या. कॅमेरा वर, सिमेंटच्या भिंतीसारख्या उंच सज्जाकडे)

एरवी मैदान असं दिसायचं. त्या हंगामात सामन्याला सरासरी १०,२७६ प्रेक्षक, सगळ्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वांत कमी. मधोमध उभा असलेला हा सज्जा नव्वदच्या दशकात अमेरिकी फुटबॉलसाठी बांधला. त्याआधी तिथून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या.

अशीच चित्रं दाखवून सांगितलं जातं की ओकलंडला बेसबॉल नकोय. मग २०२० पर्यंत मागे जाऊ. त्या वर्षी हाच संघ लीगमधल्या आपल्या विभागात पहिला आला होता. मार्च २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत ख्रिस बॅसिट, मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन या तिन्ही खेळाडूंना संघानं दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. डिसेंबरात कॅचर शॉन मर्फीही गेला. बेसबॉलमध्ये नव्या खेळाडूला पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर खेळावं लागतं. मग पगार चढतो, आणि सहा वर्षांनी तो हवं तिथे जायला मोकळा होतो. खेळाडू महाग व्हायला लागला की तो देऊन टाकायचा, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची. ती तयार झाली की पुन्हा तेच. २०२३ मध्ये ओल्सननं ५४ होम रन, म्हणजे षटकारासारखे फटके, मारले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. ते अटलांटाच्या संघासाठी होते.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या विभागात ढकलला जातो. इथे तसं काही नाही. कितीही हरा, पुढच्या वर्षी जागा तीच. म्हणून आमचा राग मालकावर आहे, मैदानावर उतरलेल्या या पोरांवर नाही.

संघाला हव्या असलेल्या नव्या मैदानाचंही तसंच, दर वेळी जागा बदलायची. आधी आमचं फ्रीमाँट ठरलं होतं, मग सॅन होजे, मग ओकलंडचं बंदर. एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली ती मैदानासाठी नेवाडा राज्यातल्या लास वेगासमधल्या जमिनीची.

(दृश्य : उजवीकडचा सज्जा. ढोल, झेंडे)

आता खेळ. समोर टॅम्पा बे रेज, त्या दिवशी लीगमधला सर्वांत जास्त विजय मिळवलेला संघ. आणि आपली ही पोरं लागोपाठ सहा सामने जिंकून आलेली.

नऊपैकी पाचवा डाव. आधीच ठरलं होतं की पहिला बॅटर खेळत असेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. आवाज नीट ऐका.

(आठ सेकंद निवेदन नाही)

२७,७५९ माणसं. आणि आता...

(घोषणा : 'सेल द टीम!', संघ विका! आवाज पूर्ण वर)

एज जिंकले, २-१. सलग सातवा विजय.

दोन दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरनी नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीवर सही केली. हंगाम ५० विजय आणि ११२ पराभवांवर संपला. ओकलंडमध्ये याहून वाईट हंगाम झाला नव्हता. १६ नोव्हेंबरला लीगमधल्या सगळ्या संघमालकांनी एजच्या लास वेगासला स्थलांतराला एकमतानं होकार दिला.

(दृश्य : रात्रीचा पूल. शर्ट घातलेली माणसं स्टेशनकडे परतताना. मागून ढोल)

फलाटावर गाडी आली होती, तरी हा ढोल थांबला नव्हता.

(निवेदन संपते. ढोल चालू राहतो.)