लगन झालं काय, भाऊ?

(दृश्य : यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याजवळचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाच्या गाड्यांची रांग.)

कापसाच्या सीझनमध्ये इथं रांग लागते. ट्रॅक्टर, मेटाडोर, मधूनच एखादी बैलबंडी. काटा होईपर्यंत तास-दोन तास जातात, आणि तेवढ्यात अनोळखी माणसाची सगळी कुंडली निघते. कोन्या गावचा? आडनाव काय? अमके तुये कोन लागते? मग शेवटी, लगन झालं काय, भाऊ?

काट्यावर पावत्या लिहिणारा हा पोरगा सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला पुरुष आवडतात. नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर तो आमच्याशी बोलला.

"नाई झालं," एवढंच तो सांगतो आणि पावती हातावर ठेवतो.

याला लपवाछपवी म्हणणाऱ्यांनी एकदा या रांगेत उभं राहावं. मोठ्या शहरात नवीन माणूस खरंच नवीन असतो. इथं दुसऱ्याच प्रश्नाला त्याचा साळा आपल्या गावचा निघतो. रांगेत बोललेलं संध्याकाळच्या एसटीनं गावात पोचतं, आणि आईला ते किराणा दुकानात, भलत्याच्याच तोंडून कळतं.

त्यानं सांगितलंच नाही असंही नाही. नागपूरच्या रूम पार्टनरला सांगितलं. पण आधी पारखून. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 बद्दल निकाल दिला. दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध तेव्हापासून गुन्हा राहिले नाहीत. ही बातमी तो बोलता बोलता काढतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. शिवाय हा माणूस दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी माझ्याजवळ फोडतो का, तेही पाहतो. फोडत असेल, तर विषय तिथंच संपला.

सांगायचं की नाही, हे ठरवणं त्याच्याच हाती आहे. 24 ऑगस्ट 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्याच नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क मानला, आणि आपल्याला बाई आवडते की पुरुष, हेही त्यात धरलं. मोबाइलवर ओळख काढून "गावात सांगीन" म्हणत कुणी पैसे मागितले, तर ती खंडणी. गुन्हा मागणाऱ्याचा, याचा नाही.

(दृश्य : घराचं अंगण. भिंतीवर कॅलेंडर.)

एका ठिकाणी मात्र गप्प राहणं त्याला मान्य नाही, आणि आम्हालाही. तुळशीचं लग्न आटोपलं की स्थळं येतात. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी लग्नाला कायद्याची मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला न्यायालयानं ती दिली नाही. आणि जिला पाहायला न्यायचं ठरतंय, त्या पोरीला तर यातलं काहीच ठाऊक नाही. तिचं अख्खं आयुष्य त्यात जाईल.

"पोरगी पाहाले मी येत नाई," असं त्यानं घरी सांगून टाकलंय. आई रोज कारण विचारते. ते तिला कसं सांगायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.