मागच्या सीटवरून

(दृश्य: गाडीचं मागचं दार उघडतं. कॅमेरा आत जातो आणि बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर थांबतो.)

गाडी बघायला गेलं की आपण पहिल्यांदा बसतो स्टीअरिंगसमोर. पिक-अप बघतो, ब्रेक बघतो, स्क्रीनवर बोट फिरवतो. मागे फक्त एकदा डोकावतो आणि म्हणतो, "जागा ठीक आहे." पुढची आठ-दहा वर्षं मात्र घरातली निम्म्याहून जास्त माणसं त्याच मागच्या सीटवर बसणार असतात. पोरं तिथे झोपतात, म्हातारी माणसं तिथे पाय आखडून बसतात.

म्हणून या तीन गाड्या आम्ही मागे बसून पाहिल्या.

(दृश्य: तीन सेडान एका ओळीत, बाजूने.)

टोयोटा कॅमरी, होंडा ॲकॉर्ड आणि ह्युंदाई सोनाटा. तिन्ही मध्यम आकाराच्या, तिन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या. ॲकॉर्ड हे नाव 1976 पासून आहे, कॅमरी 1982 पासून, सोनाटा 1985 पासून. पुढे येणारे सगळे आकडे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेलचे आहेत. या वर्गातली खरी चुरस कित्येक वर्षं तिथेच चालली. आज तिथेही गर्दी ओसरली आहे. फोर्डने फ्यूजन 2020 मध्ये बंद केली, शेव्हरलेने मालिबू 2024 मध्ये. लोक उंच गाड्यांकडे, म्हणजे एसयूव्हींकडे, वळले. राहिलेल्या गाड्या मात्र कधी नव्हत्या इतक्या चांगल्या झाल्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघायला कुणी थांबत नाही, याची मला खंत आहे.

(दृश्य: हातात मेजरिंग टेप. टेपचं टोक पुढच्या सीटच्या पाठीला टेकतं.)

सुरुवात टेपने करू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, कॅमरीचा 2825 मिलिमीटर, ॲकॉर्डचा 2830 आणि सोनाटाचा 2840. सगळ्यात लांब व्हीलबेस सोनाटाचा. म्हणजे मागे पाय ठेवायला जागाही तिच्यातच जास्त असायला हवी.

माहितीपत्रक उलटंच सांगतं. मागचा लेगरूम ॲकॉर्डमध्ये 40.8 इंच, कॅमरीत 38 इंच आणि सोनाटात फक्त 34.8 इंच. सगळ्यात लांब व्हीलबेसच्या गाडीत सगळ्यात कमी जागा! कागद वाचून निवड करणारा माणूस सोनाटा इथेच खोडून टाकेल.

(दृश्य: पुढची सीट रुळावरून हळूहळू मागे सरकते. टेपवरचा आकडा कमी होत जातो.)

आता या रुळाकडे बघा. पुढची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेता येते, आणि तो रूळ किती लांब ठेवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. सोनाटाचा पुढचा लेगरूम 46.1 इंच आहे, कॅमरीचा 42.1 आणि ॲकॉर्डचा 42.3. सोनाटाची पुढची सीट इतकी मागे जाते की मागची जागा कागदावर तिनेच खाऊन टाकलेली दिसते. पण सव्वासहा फुटी माणूस सोडला, तर इतकी मागे सीट घेऊन गाडी चालवणार कोण?

म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करा. सोनाटा 80.9, कॅमरी 80.1, ॲकॉर्ड 83.1. चित्र एकदम बदललं. जी गाडी शेवटची वाटत होती ती कॅमरीच्या थोडी पुढेच निघाली. आणि ॲकॉर्ड दोघींच्याही दोन इंचांहून जास्त पुढे.

(दृश्य: साडेपाच फुटी माणूस पुढची सीट स्वतःला हवी तशी लावतो, उतरतो, त्याच सीटच्या मागे जाऊन बसतो. हे तिन्ही गाड्यांत.)

टेपपेक्षा ही रीत जास्त भरवशाची. पुढची सीट आपल्या मापाची लावायची आणि स्वतःच्याच मागे जाऊन बसायचं. ॲकॉर्डमध्ये पाय खुशाल लांब होतात. सोनाटात गुडघ्यापुढे हात सहज फिरतो. कॅमरीत अडचण होत नाही, पण ऐसपैसही वाटत नाही. आणखी एक गोष्ट बघा, कॅमेरा आता मांडीजवळ नेला आहे. सीटचा बसायचा भाग गुडघ्याच्या किती जवळ येतो? तो आखूड असला की मांडी अधांतरी राहते आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

(दृश्य: वयस्कर बाई मागच्या दारातून उतरतात. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा सीटच्या कडेवर. संगीत नाही.)

सेडानची सीट खाली असते. छत मागे उतरतं, त्यामुळे आत शिरताना मान वाकवावी लागते.

(निवेदन थांबतं. दृश्य पूर्ण होऊ द्यावं.)

या एका बाबतीत उंच गाडी सरस आहे, यात वाद नाही. पण तो त्रास चढता-उतरतानाचा. गाडी चालायला लागली की पारडं फिरतं.

(दृश्य: वळणाचा रस्ता. मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली, आतलं पाणी एका बाजूला झुकतं.)

कॅमरीची उंची 1445 मिलिमीटर. त्याच कंपनीची उंच गाडी, रॅव्ह4, साधारण 1700. सेडानचं वजन जमिनीच्या जवळ राहतं, त्यामुळे वळणावर ती कमी कलते. चालवणाऱ्याला धरायला स्टीअरिंग असतं आणि वळण येतंय हे त्याला आधीच दिसतं. मागच्याला यातलं काहीच नसतं. गाडी जितकी कलेल तितका तो सीटवर सरकतो.

(दृश्य: टायरचा क्लोज-अप. पट्टी रिमच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत उभी धरली आहे.)

आता थोडं खाली वाकू. माझ्या मते सगळ्या तुलनेतली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे, आणि इथे कुणी वाकत नाही.

टायरवर लिहिलंय 225/50 आर17. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची रबरी भिंत, त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा 17 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. 225 चे 50 टक्के म्हणजे साधारण 112 मिलिमीटर. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये एवढीच रबराची आणि हवेची गादी. हा टायर आहे हायब्रिड ॲकॉर्डच्या ईएक्स-एल मॉडेलचा.

शेजारी त्याच ॲकॉर्डचं स्पोर्ट मॉडेल. टायर 235/40 आर19. हिशेब तोच, उत्तर 94 मिलिमीटर. रिम मोठी झाली आणि गादी पातळ झाली. आता कॅमरीच्या एलई मॉडेलचा टायर बघा: 205/65 आर16. इथे गादी 133 मिलिमीटरची.

(दृश्य: तिन्ही टायर पडद्यावर शेजारी शेजारी. मग रस्त्यातला सांधा ओलांडणारं चाक, संथ गतीत. साइडवॉल दबते आणि पुन्हा फुगते.)

सांध्यावरून जाताना साइडवॉल कशी दबते बघा. जो धक्का ती गिळत नाही तो सस्पेन्शनकडे जातो, आणि सस्पेन्शनकडून उरलेला कंबरेला. मागची सीट तर मागच्या चाकांच्या अगदी लगतच असते. शोरूममध्ये 19 इंची रिम दिसायला देखणी, फोटोतही उठून दिसते. पण तिचं मोल मागे बसणारा चुकवतो. इंधनातही फरक पडतोच. इंजिन तेच, मोटर तीच, पण अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत ईएक्स-एल गॅलनला 48 मैल देते आणि स्पोर्ट 44. म्हणजे लिटरमागे साधारण 20.4 आणि 18.7 किलोमीटर. जड, रुंद चाकांचा त्यात मोठा हात आहे. कुटुंबासाठी गाडी घेत असाल तर लहान रिमचं मॉडेल मागा, हे मी कुणालाही हक्काने सांगेन.

(दृश्य: उघडलेलं बॉनेट. मग डॅशबोर्डवरचा ऊर्जेचा आलेख, बाण इंजिनाकडून चाकांकडे.)

पिक-अपचं बोलायचं तर कॅमरी 225 हॉर्सपॉवर, ॲकॉर्ड 204, सोनाटा 192. कुठल्याच गाडीला ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागत नाही. खरा फरक आहे तो ही ताकद चाकांपर्यंत पोहोचते कशी, यात.

कॅमरीत एक ग्रहमालेसारखी गिअरची रचना आहे. मधे एक चक्र, भोवती फिरणारी छोटी चक्रं, बाहेर कडं. इंजिन आणि दोन मोटरी तिला जोडलेल्या असतात आणि ताकदीची वाटणी त्या सतत बदलत राहतात. टोयोटाने 1997 च्या पहिल्या प्रियस हायब्रिडपासून हेच तत्त्व घासून घासून गुळगुळीत केलं. यात गिअर बदलण्याचा क्षणच येत नाही, मग गचका कुठून येणार? जोरात पॅडल दाबलं की इंजिन एका सुरात ओरडतं, एवढीच किंमत.

ॲकॉर्डची तऱ्हा वेगळी. शहरात बहुतेक वेळ चाकं फिरवते ती मोटर. इंजिन बाजूला उभं राहून जनरेटर चालवतं आणि वीज पुरवतं. हायवेवर वेग स्थिरावला की एक क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना लागतं. आलेखात तो क्षण दिसतो, बघा, आत्ता. आत बसलेल्याला मात्र कळतही नाही.

सोनाटाने नेहमीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवला आहे आणि इंजिन नि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मोटर बसवली आहे. गिअर बदलताना मोटर वेग जुळवून देते, म्हणून बदल मऊ होतो. ज्याला गाडी "गिअर टाकतेय" असं जाणवायला हवं असतं त्याला ही आवडेल.

(दृश्य: मागच्या सीटवर लहान मुलगी खिडकीला डोकं टेकून. डोळे मिटत चाललेले.)

हे सगळं यंत्रपुराण या सीटसाठी. मुलांना गाडी लागते कारण डोळे सांगतात आपण स्थिर बसलोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो आपण हलतोय. वेग आचके न देता वाढला आणि ब्रेक अलगद लागला की हा गोंधळ कमी होतो. हायब्रिड गाड्यांत पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी भरते. ॲकॉर्डमध्ये स्टीअरिंगमागच्या पॅडलने हा जोर कमी-जास्त करता येतो. मागे कुणी असेल तेव्हा तो कमीच ठेवा, नाहीतर दर वेळी पाय उचलला की मागच्यांच्या माना डुलतात.

(दृश्य: मुलगी झोपलेली. दहा सेकंद निवेदन नाही, फक्त टायरचा मंद आवाज.)

हा आवाज इतका दूरचा वाटतो त्यामागे सेडानची बांधणी आहे. डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये सीटची पाठ आणि मागच्या काचेखालचा कप्पा आडवा येतो. हॅचबॅक किंवा एसयूव्हीत सामान आणि माणसं एकाच खोलीत राहतात, इथे मध्ये भिंत आहे.

(दृश्य: डिकी उघडते. दोन मोठ्या बॅगा, एक घडीची व्हीलचेअर.)

ॲकॉर्डची डिकी 473 लिटरची, कॅमरीची 428. व्हीलचेअर आडवी मावली.

पैशांचं थोडक्यात. इंधनात कॅमरी एलई सगळ्यांच्या पुढे, गॅलनला 51 मैल, म्हणजे लिटरला 21 किलोमीटरच्या वर. सोनाटाला अमेरिकेत पहिल्या मालकासाठी इंजिन-गिअरबॉक्सची 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी आहे. मोटर वेग कमी करत असल्याने तिन्ही गाड्यांचे ब्रेक पॅड सावकाश झिजतात.

(दृश्य: तिन्ही गाड्या, संध्याकाळचा उजेड.)

माझी निवड ॲकॉर्ड, 17 इंची चाकांची. मागच्या दोन-तीन इंचांसाठी आणि त्या 112 मिलिमीटरच्या गादीसाठी. रोजची रपेट मोठी असेल आणि मागे बहुतेक वेळ मुलंच बसणार असतील तर कॅमरी एलई. चालवणारा उंचापुरा असेल किंवा गाडी दहा वर्षं आपल्याकडेच ठेवायची असेल तर सोनाटा.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या, त्यांना मागे बसवा, शेजारी तुम्ही बसा. खडबडीत रस्त्यावरून वीस मिनिटं जाऊन या.

(दृश्य: मागची सीट. वयस्कर बाई आणि शेजारी झोपलेली मुलगी. बाई खिडकीबाहेर बघतात. गाडी सांध्यावरून जाते. मुलगी जागी होत नाही.)